२,३२,१०० रुपयांचा फरक: नागपुरातल्या एका पास्टोरेटच्या हिशेबाचं प्रकरण

२०२३च्या मे महिन्यात आमच्या डी.एस. साहेबांचा, म्हणजे जिल्हा अधीक्षकांचा, फोन आला. उत्तर नागपुरातल्या एका मेथॉडिस्ट मंडळीत, म्हणजे एका पाळकाकडे सोपवलेल्या पास्टोरेटमध्ये, नवे पाळक रुजू झाले होते. चार्ज घेताना त्यांनी अर्पणाचं रजिस्टर आणि बँकेचं पासबुक शेजारीशेजारी ठेवलं, बेरजा मारल्या आणि हबकले. एका वर्षात २,३२,१०० रुपयांचा मेळ लागत नव्हता.

"ताई, तुम्ही ३१ वर्षं बँकेत काढली. वह्या एकदा नजरेखालून घाला," साहेब म्हणाले. "अर्धी मंडळी खजिनदारांच्या बाजूने, अर्धी विरुद्ध. दोघं-तिघं पोलिसांत जायचं म्हणतात."

मी शहरातल्या दुसऱ्या मंडळीची सभासद. तिथे माझं नात्यातलं कुणी नाही, म्हणूनच मला बोलावलं होतं. मंडळी ओळखू येईल असे तपशील इथे गाळले आहेत. प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण अशा वह्या मी याआधीही दोन ठिकाणी पाहिल्या आहेत आणि दोन्ही ठिकाणी भला माणूस बदनाम होऊन बाजूला झाला.

मंडळी साधारण १४० घरांची. रेल्वेतून निवृत्त झालेले, शाळांमधल्या शिक्षिका, दवाखान्यांतल्या सिस्टर, काही तरुण मिहान औद्योगिक क्षेत्रात नोकरीला. खजिनदार काका ७१ वर्षांचे, रेल्वेच्या माल कार्यालयातून निवृत्त, सलग १९ वर्षं हेच काम. आपल्या पद्धतीत मंडळी पाळक निवडत नाही. बिशप नेमणूक करतात आणि काही वर्षांनी बदली होते. खजिनदार मात्र तोच राहतो. त्यामुळे तोंडी चाललेल्या सगळ्या व्यवस्था खजिनदाराच्या डोक्यात साठत जातात, आणि नव्या पाळकासमोर येतात फक्त वह्या. काकांच्या डोक्यातला हिशेब बहुतेक बरोबर होता. तो कागदावर नव्हता, एवढंच. पण चार्ज देताना डोकं देता येत नाही.

पहिल्या दिवशी व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या कार्यालयाच्या खोलीत, बसलो. बाहेर ऊन असं की अंगणात पाय ठेववत नव्हता, आत कुलर घरघरत होता. काकांनी लोखंडी कपाट उघडलं आणि तीन रजिस्टरं, दोन पासबुकं, पावतीपुस्तकांचा गठ्ठा आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा टेबलावर मांडला. डब्यात चिठ्ठ्या होत्या, शेकडो. काही दुकानाची छापील बिलं, काही उपासनेच्या पत्रिकेमागे पेन्सिलीने लिहिलेल्या. एकीवर 'बल्ब ३, दोरी, मेणबत्त्या, ४१०' एवढंच. तारीख नाही, दुकान नाही, सही नाही.

काका खुर्चीच्या टोकावर बसले होते. "मॅडम, म्या एक रुपया नाही घेतला जी. पण दाखवू कसं, ते सांगा."

"आपण दोघं मिळून दाखवू, काका. आधी पाणी प्या."

मंडळीत काय बोललं जात होतं, ते मला आधीच कळलं होतं. त्याच वर्षी काकांच्या घरावर दुसरा मजला चढला होता. मुलाने बँकेचं गृहकर्ज काढलं होतं, कागद घरात होते. पण काकांना कुणी विचारलंच नव्हतं. लोकांनी मजला पाहिला आणि फरक ऐकला, दोन्हींची बेरीज आपसूक झाली.

फरक कुठे कुठे होता

आकडे आधी स्पष्ट करते. एप्रिल २०२२ ते मार्च २०२३ या वर्षात रजिस्टरात एकूण ११,४२,६०० रुपये जमा लिहिलेले. बँकेत भरलेले ८,९६,१५०. वर्षाच्या सुरुवातीला हातात रोख नव्हती, शेवटी कपाटात १४,३५० होते. ते वजा केले की उरतात २,३२,१००.

सगळ्यात मोठा तुकडा त्या डब्यात होता. रविवारी अर्पण मोजायचं, त्यातूनच चौकीदाराचा पगार, साउंडवाला, फुलं, पाण्याचा टँकर भागवायचा आणि उरलेलं सोमवारी बँकेत. जमा रजिस्टरात पूर्ण लिहिलेली, खर्च मात्र रोकडवहीत कधी चढलाच नव्हता. तीन दिवस आम्ही चिठ्ठ्या महिन्यांप्रमाणे लावल्या. पत्रिकेमागच्या चिठ्ठ्यांची तारीख पत्रिकेवरूनच कळली, तेवढी त्या सवयीची मदत झाली. दुकानदारांना, चौकीदाराला, साउंडवाल्याला भेटून सह्या घेतल्या. एकूण १,१८,७००.

म्हणजे निम्म्याहून जास्त फरक एकाच सवयीचा. ती फार मंडळ्यांमध्ये आहे आणि तिच्यात कुणाला गैर वाटत नाही. पण अर्पणाच्या ताटातून परस्पर खर्च झाला की त्या दिवशी किती आलं आणि किती गेलं, दोन्ही पुरावे एकदमच नाहीसे होतात. शिवाय डब्यात एक ३८,००० रुपयांचं बिल होतं. चर्चचं वायरिंग बदललं होतं, पैसे एका दमात रोख दिले होते. आपली पास्टोरेट स्वतंत्र नोंदलेला न्यास नाही, वरच्या संस्थेचा भाग आहे आणि पॅन तिचाच. आयकर कायद्यात धर्मादाय न्यासाने एका व्यक्तीला एका दिवसात १०,०००च्या वर रोख दिलं, तर तो खर्च धार्मिक कामासाठी वापरलेली रक्कम म्हणून धरला जात नाही. कंत्राटदाराचं बिल ३०,०००च्या वर गेलं की टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कर, कापावा लागतो, कंत्राटदार एकटा माणूस असेल तर १ टक्का. इथे फक्त ३८० रुपये कापायचे होते. ते राहिले, आणि त्याचा जाब द्यावा लागणार होता संस्थेच्या ऑडिटरला, ज्याने ही मंडळी कधी पाहिलेलीही नाही.

दुसरा तुकडा कापणीच्या सणाचा. सणाला लोक घरचं, वावरातलं घेऊन येतात: तांदूळ, कोहळे, गावठी कोंबडी, संत्र्यांच्या टोपल्या. उपासना झाली की अंगणात बोली लागते. एक टोपली २,१००ला जाते, घेणारा ती तिथेच परत अर्पण करतो, पुन्हा बोली लागते, आता १,५००ला. लेकरं टाळ्या वाजवतात. मला हा सण फार आवडतो, आणि त्यातला आनंद हिशेबाच्या धाकाने कमी व्हावा असं मुळीच वाटत नाही. पण सेक्रेटरी ताई प्रत्येक बोली पुकारल्याबरोबर रजिस्टरात जमा म्हणून लिहीत होत्या. बोलींची बेरीज ९६,३५०. प्रत्यक्ष हातात आले ७१,८००. बाकीच्यांनी "पेन्शन झाली की देतो", "पोट्ट्याचा पगार होऊ द्या" असं सांगितलं होतं, आणि त्यांची नावं काकांच्या खिशातल्या डायरीत होती. फरक २४,५५०. बोली हे वचन आहे, जमा नाही. वचनाची वही वेगळी ठेवायची आणि पैसे आले त्या दिवशी जमा लिहायचे.

मग ४०,००० रुपये. २०२१च्या डिसेंबरात विजेची थकबाकी वाढली आणि लाइन कापायची नोटीस आली. नाताळ तोंडावर. एका सभासदाने ४०,००० रोख उसने दिले आणि बिल परस्पर भरलं गेलं. पुढच्या ऑगस्टमध्ये काकांनी अर्पणाच्या रोखीतून ते फेडले. दिल्याचा कागद नाही, घेतल्याचाही नाही. त्या सभासदांनी मला सरळ सांगितलं, "हो जी, मिळाले," आणि लिहूनही दिलं. त्यांचा स्वभाव वेगळा असता तर काका या एकाच रकमेने बुडाले असते. २०,००० किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीत घेणं आणि रोखीत फेडणं, दोन्ही आयकर कायद्याला मंजूर नाही, आणि दंड त्या रकमेइतकाच होऊ शकतो. चांगल्या मनाने केलेल्या मदतीला कायदा वेगळा लागत नाही.

महिला संघाच्या नाताळातल्या खाद्यपदार्थांच्या विक्रीचे २१,६०० रविवारी वेदीजवळ आणून अर्पण केले गेले, म्हणून चर्चच्या रजिस्टरात चढले. भरले गेले ते महिला संघाच्या स्वतंत्र खात्यात. ते पासबुक मागवलं आणि पाच मिनिटांत विषय संपला.

पुढची रक्कम लहान होती, पण तिच्यामागची गोष्ट सगळ्यात धोक्याची. २०२० साली टाळेबंदीत चर्च बंद झाल्यावर लोकांनी अर्पण पाठवायला काकांचा मोबाइल नंबर वापरायला सुरुवात केली. चर्च उघडलं, सवय राहिली. या एका वर्षात काकांच्या खासगी खात्यात ६३,२०० रुपये अर्पणाचे आले होते. काका ते एटीएममधून काढून रविवारच्या पेटीत घालत. त्यांच्या खात्याचा वर्षाचा उतारा काढला, एकेक रक्कम पेन्सिलीने टिकली, सगळी मिळाली. फक्त एका कुटुंबाचं उपकारस्तुतीचं ११,००० रुपयांचं दान दोनदा लिहिलं गेलं होतं: एकदा मोबाइलवर आलं त्या दिवशी, एकदा रोख काढून पेटीत टाकलं त्या रविवारी.

काका हे करताना स्वतःला किती उघडं पाडत होते, याची त्यांना कल्पनाच नव्हती. उद्या आयकर खात्याने विचारलं असतं, तर ते पैसे त्यांचं उत्पन्न नाही हे त्यांना सिद्ध करावं लागलं असतं. आणि त्यांना काही झालं असतं, तर मंडळीचे पैसे वारसांच्या हातात गेले असते. चर्चचं अर्पण कुणाच्याही खासगी खात्यात जाऊ नये, पाळकांच्याही नाही, एक दिवसही नाही.

आता उरले होते १६,२५०, आणि तिथे आम्ही अडलो. महिनावार लावलं तेव्हा जुलैत नेमका ५,४०० फरक दिसला. बँकेत माझ्या पहिल्या हेडकॅशियरनी शिकवलं होतं: फरकाला ९ने पूर्ण भाग जात असेल तर आधी उलटेपालटे आकडे शोध. ५,४००ला जातो. जुलैचं पान पुन्हा वर-खाली केलं. तिसऱ्या रविवारी मोजणीच्या चिठ्ठीवर १,७५०, रजिस्टरात ७,१५०. काकांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि म्हणाले, "त्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं."

शेवटी उरले १०,८५०. ते सापडले नाहीत.

न सापडलेल्या १०,८५०चं काय करायचं

काका दुसऱ्या दिवशी पेन्शनमधून १०,८५० रुपये पाकिटात घालून आले. म्हणाले, भरून टाकतो, मोकळा होतो.

मी घेऊ दिले नाहीत, आणि पाळकसाहेबांनाही घेऊ नका म्हणून विनवलं. पैसे भरले असते तर प्रकरण त्या दिवशी संपल्यासारखं वाटलं असतं आणि काका कायमचे दोषी ठरले असते. "नसते घेतले तर भरले काहून?" हा प्रश्न त्यांच्या नातवंडांपर्यंत गेला असता. हिशेब न लागणं आणि पैसे खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्याच ठेवायला हव्यात. पास्टोरेट कमिटीने ठराव केला: वर्षभरात १०,८५० रुपयांचा हिशेब लागला नाही, तो लावण्याचे सगळे प्रयत्न झाले, कारण पद्धतीतला दोष, कोणाकडूनही वसुली नाही. ठराव इतिवृत्तात गेला, त्याची प्रत ऑडिटरकडे गेली, ऑडिटरनी आपल्या अहवालात तो आकडा तसाच नोंदवला. लपवलेला आकडा पुढच्या वर्षी पुन्हा वर येतो, नोंदवलेला येत नाही.

रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी सगळे आकडे उभं राहून वाचले. काकांचं नाव घेऊन सांगितलं की त्यांच्यावर कुठलाही आळ नाही. पोलिसांत जायचं म्हणणाऱ्यांपैकी एक जण पुढे येऊन काकांच्या पाया पडला. दुसरे आले नाहीत, आणि तेही माणसाचंच आहे.

खरं भगदाड

माझ्या दृष्टीने या प्रकरणातली सगळ्यात गंभीर गोष्ट याच्या पुढे आहे. ती तोवर कुणाच्या लक्षातच आली नव्हती, कारण सगळे चोर शोधत होते.

चर्चवर सिमेंटचे पत्रे होते आणि तीन पावसाळे ते गळत होते. २०२० ते २०२३ या तीन वर्षांत छपरासाठी म्हणून ३,१०,००० रुपये गोळा झाले होते. पावत्यांवर स्पष्ट 'छप्पर निधी' लिहिलेलं. छपरावर एक रुपया खर्च झालेला नाही. आणि ३१ मार्च २०२३ला मंडळीकडे एकूण शिल्लक किती? बँकेत १,२६,४००, कपाटात १४,३५०. मिळून १,४०,७५०.

म्हणजे बाकी सगळं शून्य धरलं तरी छपराचे १,६९,२५० रुपये रोजच्या खर्चात गेले होते. कुणी खाल्ले नव्हते. पगार, वीज, वरच्या संस्थेला पाठवायची असेसमेंट, म्हणजे वर्गणी, पाळकगृहाची दुरुस्ती. दरवर्षी साधारण ५५-५६ हजारांची तूट, आणि ती छपराच्या पैशातून आपोआप भरून निघत होती, कारण खातं एक आणि शिल्लक एक. पासबुकात पैसे दिसले की आहेत असं वाटतं. ज्या म्हातारीने पेन्शनमधून ५०० रुपये छपरासाठी दिले, तिला आपण शब्द दिलेला असतो. तिचे पैसे विजेच्या बिलात गेले हे तिला सांगायला लागणं मला चोरीपेक्षा जड वाटलं.

उपाय अवघड नाही. बँकेत खाती चार नकोत, वहीत निधी चार हवेत. महिन्याच्या शेवटी बँकेतली शिल्लक घ्यायची आणि तिच्याखाली लिहायचं: यातले छपराचे इतके, गरीब विद्यार्थ्यांचे इतके, दफनभूमीच्या कुंपणाचे इतके, आणि खर्चाला मोकळे इतके. शेवटचा आकडा उणे आला की त्याच महिन्यात कमिटीला कळतं की आपण दुसऱ्याच्या पैशावर जगतोय.

कमिटीने दरमहा ८,५०० रुपये छप्पर निधीत परत टाकायचं ठरवलं, १९ हप्ते आणि विसावा ७,७५०चा. पैसे आणायचे कुठून, यावर बैठक तीन तास चालली. कुणी सुचवलं, मोबाइल टॉवरवाले आवारातली जागा दहा वर्षांच्या करारावर मागतायत, देऊन टाकू. ते मला तिथेच थांबवावं लागलं. जागा पास्टोरेटच्या नावावर नाही. मेथॉडिस्ट परंपरेत तिचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या १७६३च्या नमुना दस्तापासून चर्चची मालमत्ता स्थानिक मंडळीच्या मर्जीवर न सोडता संपूर्ण संस्थेच्या विश्वस्तपणाखाली ठेवायची पद्धत आहे. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०च्या कलम ३६प्रमाणे न्यासाची बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. पाळक आणि खजिनदारांच्या सह्यांनी असा करार करणं म्हणजे पुढच्या पिढीच्या गळ्यात दावा बांधणं.

दुसरी सूचना एका काकूंची. त्यांचा मुलगा अमेरिकेत आहे, तो दीड लाख पाठवायला तयार. सगळ्यांचे चेहरे उजळले. मी विचारलं, पासपोर्ट कुठला? तिकडचा झाला, गेल्याच वर्षी. तर मग ते विदेशी योगदान. रुपयात दिलं तरी, आईच्या मंडळीला दिलं तरी. परदेशात राहणारा भारतीय नागरिक स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ते विदेशी योगदान होत नाही, पण परदेशी नागरिक, अगदी भारतीय वंशाचा ओसीआय कार्डधारकसुद्धा, विदेशी स्रोतच धरला जातो. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे विदेशी योगदान कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर ते पैसे दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या नेमलेल्या खात्यातच घ्यावे लागतात. पास्टोरेटकडे नोंदणी नाही. "मग तो माझ्या खात्यात पाठवेल, मी देते," काकू म्हणाल्या. त्यांचा हेतू निर्मळ होता. पण मुलाने आईला घरखर्चाला पाठवलेले पैसे वेगळे आणि चर्चसाठी म्हणून आईच्या खात्यातून फिरवलेले वेगळे. दुसरं करू नका, असं मी हात जोडून सांगितलं.

एक भीती मात्र मला दूर करता आली. कुणीतरी सांगून ठेवलं होतं की पेटीतल्या निनावी दानावर ३० टक्के कर लागतो. तशी तरतूद आहे, पण निव्वळ धार्मिक कामासाठी असलेल्या न्यासाला ती लागू होत नाही. ताटात नाव न सांगता टाकलेले दहा रुपये निर्धास्त टाका.

शेवटी मार्ग सापडला तो आपल्याच जुन्या इतिहासात. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात इंग्लंडमधल्या ब्रिस्टलची गोष्ट सांगितली. १७४२च्या फेब्रुवारीत तिथल्या मेथॉडिस्टांवर न्यू रूम या आपल्या प्रार्थनागृहाचं कर्ज होतं. बैठकीत कॅप्टन फॉय नावाच्या माणसाने सुचवलं, कर्ज फिटेपर्यंत प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणी म्हणालं, अनेकांना तेवढंही जमणार नाही. त्यावर तो म्हणाला, सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, त्यांना जमलं नाही तर त्यांचंही मी भरेन. बाराबारांचे ते गट घरोघर फिरू लागले तेव्हा लोकांची दुखणी, भांडणं, अडचणी कळू लागल्या, आणि त्यातूनच मेथॉडिस्टांचे क्लास सुरू झाले. वर्षानुवर्षं मी क्लास म्हणजे आध्यात्मिक वाढीची योजना असंच ऐकत आले होते. त्याचा जन्म कर्जफेडीतून झाला, हे त्या दिवशी मंडळीत अनेकांना नव्याने कळलं.

उपासनेनंतर रेल्वे हॉस्पिटलमधून निवृत्त झालेल्या एक सिस्टर उठल्या आणि म्हणाल्या, "गल्लीतली अकरा घरं माझ्याकडे द्या." अशा अकरा जणी आणि जण उभे राहिले. घरटी आठवड्याला २० रुपये. पहिल्या महिन्यातच १०,०००च्या वर जमले.

मोजणीचं टेबल

पद्धतीत काय बदललं, ते लिहिते. इथेच सगळ्यात जास्त विरोध झाला होता.

उपासना संपल्यावर अर्पण सगळ्यांसमोरून व्हेस्ट्रीत जातं, दार उघडं ठेवून. दोघं मोजतात, एकमेकांच्या नात्यातले नाहीत, दर महिन्याला बदलतात. पाळक मोजत नाहीत आणि खजिनदारही मोजत नाही. हे ऐकून काका दुखावले. "एकोणीस वर्षं मोजलं जी मी." मी त्यांना समजावलं की हे तुमच्यासाठीच आहे. पैसे मोजणारा एक, वहीत लिहिणारा दुसरा आणि बँकेत भरणारा तिसरा असला, की तिघांपैकी कुणावरही एकट्यावर आळ येत नाही. मोजणीचा छापील कागद आहे: ५००च्या किती, २००च्या किती, खाली नाण्यांपर्यंत, लखोट्यांची नावं वेगळी. दोघांच्या सह्या, एक प्रत पेटीबरोबर, एक कपाटात. दुसऱ्या दिवशी पूर्ण रक्कम बँकेत, चिल्लरीसकट. भरणा स्लिपवरचा आकडा आणि कागदावरचा आकडा एकच दिसला पाहिजे.

खर्चाला ५,००० रुपयांची किरकोळ रोकड वेगळी ठेवली. संपत आली की बिलं दाखवून चेकने पुन्हा तेवढीच भरायची. बाकी सगळं चेकने किंवा खात्यातून. तीन सह्यांपैकी कुठल्याही दोन लागतात, पाळकसाहेबांनी स्वतःहून सही करणाऱ्यांत नाव घातलं नाही. मोबाइलने द्यायचं तर दाराशी क्यूआर कोड लावला आहे, तो चर्चच्या खात्याचा.

पाळकांना पेट्रोल, पाळकगृहाची वीज म्हणून हाती दिलेले पैसेही त्या डब्यात होते, १८,०००. आता भेटींची तारीख आणि बिल जोडलं की परतफेड, ठोक रक्कम दिली की पगार. पाळकगृह मोफत आहे, त्याचंही मूल्य आयकरात पगाराबरोबर धरलं जातं. १ सप्टेंबर २०२३पासून नागपूरच्या लोकसंख्येच्या शहरांत, म्हणजे २०११च्या जनगणनेत १५ ते ४० लाखांच्या मधे असलेल्या शहरांत, मालकीच्या घरासाठी ते पगाराच्या साडेसात टक्के. बहुतेक पाळकांचा पगार इतका कमी आहे की कर लागणारच नाही, पण कागद नीट असला तर गृहकर्ज मागायला गेलेल्या पाळकाला बँकेत मान खाली घालावी लागत नाही. मी काउंटरच्या त्या बाजूला बसून हे पाहिलं आहे.

काका खजिनदार राहिले नाहीत. त्यांनीच राजीनामा दिला, पण प्रकरण मिटल्यानंतर तीन महिन्यांनी, नव्या खजिनदाराला सगळं समजावून. नवी खजिनदार ३४ वर्षांची आहे, एका शाळेत वाणिज्य शिकवते. प्रत्येक महिन्याच्या १० तारखेच्या आत ती बँकेच्या उताऱ्याशी रोकडवही जुळवते आणि एक पान सूचनाफलकावर लावते.

छप्पर निधीतला विसावा हप्ता मार्च २०२५मध्ये पडला. एप्रिलमध्ये जुने पत्रे उतरले. कंत्राटदाराने म्हटलं, रोख द्या, आठ हजार कमी करतो. बिल चेकने गेलं, १ टक्का कापून, आणि कापलेल्या रकमेचं चलन काकांनी स्वतः फाइलला लावलं. मोजणीच्या टेबलावर आता त्यांचीही पाळी येते, जुलै सोडून. जुलैत ते दुसऱ्या कुणाला तरी बसवतात.